नाव कुणाच्या नावावर?

पत्र:

'मी गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत राहते. सासूबाई, म्हणजे सगळ्यांच्या माई, आमसुलं, कोकमाचं आगळ, आंबापोळी करून ओळखीच्यांना द्यायच्या. त्या गेल्यावर मी आणि जाऊबाईंनी ते काम पुढे चालू ठेवलं. आता वर्षाला दीडशे-दोनशे किलो आमसूल जातं, बहुतेक मुंबई-पुण्याला, व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेऊन. चिपळूणचे एक गृहस्थ वेबसाइट करून देतात. डोमेन म्हणजे साइटचं नाव, होस्टिंग म्हणजे ती ठेवायची जागा, आणि साइट, सगळं मिळून १५ हजार म्हणाले, आणि वर म्हणाले, "डोमेन आमच्याकडेच राहील, तुम्हाला त्रास नको." पुण्याचा पुतण्या म्हणतो, "काकू, मी माझ्या अकाउंटवरून ९९ रुपयांत घेतो." नावात कोकण किंवा हापूस हवंच का? डॉट कॉम घ्यावं की डॉट इन? आणि फेसबुक पेज असताना हे हवं कशाला, असं यांचं म्हणणं. काय करू?'
— आमसूलवाली, गुहागर तालुका

ताई,

'डोमेन आमच्याकडेच राहील, तुम्हाला त्रास नको' हे वाक्य मी तुमच्या पत्रात दोनदा वाचलं. नावात कोकण घालायचं की हापूस ते बघूच, पण आधी या वाक्याचं बघू. २०१६ साली हेच वाक्य मी ऐकलं होतं आणि तेव्हा मला ते फार गोड वाटलं होतं.

दापोलीजवळ आमचं दोन खोल्यांचं घरगुती निवास आहे. वेबसाइट करून देणाऱ्याने सगळं अंगावर घेतलं. दर वर्षी जूनमध्ये तो दोन हजार मागायचा, आम्ही द्यायचो. डोमेन कुठून घेतलंय, कुणाच्या नावावर आहे, हे विचारायचं सुचलंसुद्धा नाही. मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. पोफळी आडव्या झाल्या, पडवीचे पत्रे शेजारच्या विहिरीत सापडले, वीज यायला तीन आठवडे लागले. त्या गदारोळात डोमेनची मुदत संपली. डॉट कॉम विकणाऱ्या कंपन्यांना मुदतीच्या साधारण महिनाभर आधी एक आणि आठवडाभर आधी एक अशी आठवण पाठवावीच लागते. ती गेलीच असणार, पण त्या माणसाच्या मेलवर. त्याने टाळेबंदीत धंदा गुंडाळला होता आणि फोन बंद. दिवाळीच्या तोंडावर ठाण्याच्या जुन्या पाहुण्यांचा फोन आला, "काकू, तुमच्या वेबसाइटवर पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात कशी काय?"

मी डोमेन विकणाऱ्या कंपनीला फोन केला. माझ्याकडे चार वर्षं पैसे पाठवल्याच्या नोंदी होत्या, छापलेली कार्डं होती, फाट्यावर रंगवलेला बोर्ड होता. पलीकडच्या मुलाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मॅडम, खातं कुणाच्या नावावर होतं?" तिथे आमचं बोलणं संपलं. बोर्डावरची ती ओळ पेंटरकडून खोडून घेतली. अजून दर पावसाळ्यानंतर वरचा रंग पातळ होतो आणि खालची जुनी अक्षरं थोडी थोडी दिसायला लागतात.

सातबाऱ्यावर नाव नसेल तर कलमं स्वतःच्या हाताने लावलेली असली तरी बाग आपली म्हणता येत नाही, हे कोकणात कुणाला शिकवावं लागत नाही. डोमेनचं तसंच आहे. फक्त उपमा एका जागी लंगडी पडते: डोमेन कायमचं विकत मिळतच नाही, ते खंडाने मिळतं. सगळ्या डॉट कॉम नावांची मुख्य नोंदवही अमेरिकेतल्या व्हेरिसाइन कंपनीकडे आहे, डॉट इनची आपल्या निक्सीकडे, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाकडे. गोडॅडी, बिगरॉक, होस्टिंगर ही सगळी मधली दुकानं, त्यांना रजिस्ट्रार म्हणतात. दुकानात खातं उघडायचं, एका वेळी एक ते दहा वर्षांचे पैसे भरायचे, आणि मुदत संपायच्या आत पुन्हा भरायचे. भरत राहाल तोवर नाव तुमचं.

तेव्हा पहिलं काम वेबसाइटचं नाही. धंद्यासाठी एक वेगळी जीमेल उघडा. घरच्या मेलवर नको, तिथे शाळेच्या फीच्या आणि लग्नपत्रिकांच्या गर्दीत कामाची मेल हरवते. त्या मेलला जोडायचा मोबाइल नंबर तुमच्या सिमचा असू द्या आणि दुसरा जाऊबाईंचा. त्या मेलवरून रजिस्ट्रारकडे खातं उघडा. नोंदणीच्या फॉर्ममध्ये रजिस्ट्रंट, म्हणजे नोंदणी ज्याच्या नावावर तो, असा रकाना असतो. तिथे तुमचं नाव, पॅनकार्डावर आहे तसं, अक्षराचाही फरक न करता. डॉट इनला ओळखीचा पुरावा मागतात, तेव्हा हा सारखेपणा उपयोगी पडतो. डॉट कॉमला मेल तपासणीची एक लिंक येते, ती १५ दिवसांत दाबली नाही तर डोमेन बंद करून ठेवतात. चालू साइट दोन आठवड्यांनी अचानक गायब झाली म्हणून रडकुंडीला आलेली दोन माणसं मी पाहिली आहेत. दोघांचीही ती मेल स्पॅममध्ये पडून होती.

पुतण्या गुणी आहे यात शंका नाही. पण उद्या तो परदेशी जाईल, मेल बदलेल, ९९ रुपयांचं काय ते विसरूनही जाईल. शिवाय भाऊबंदकी कशावरून सुरू होते ते मी तुम्हाला सांगायला नको. गणपतीत घरी येईल तेव्हा त्याला शेजारी बसवा. खातं तुमचं, बोटं त्याची. त्याने घाईने आधीच घेऊन टाकलं असेल तरी बिघडलं नाही. नवीन नोंदणी झाल्यावर ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही, पण त्याच रजिस्ट्रारकडे तुमच्या नावाने खातं उघडलंत तर बहुतेक ठिकाणी त्याला ते तुमच्या खात्यात सरकवता येतं. सरकवल्यावर रजिस्ट्रंटच्या रकान्यातलं नावही बदललं ना, ते उघडून बघा. नुसतं खातं बदललं आणि नाव त्याचंच राहिलं, असं होतं.

चिपळूणच्या गृहस्थांना वाईट समजू नका. बरेच जण खरोखरच गिऱ्हाइकाचा त्रास वाचवायला असं करतात. त्यांना सरळ सांगा: डोमेन माझं मी घेणार, नेमसर्व्हर, म्हणजे नाव कुठल्या साइटकडे वळवायचं ते सांगणारे पत्ते, काय टाकायचे ते लिहून द्या, मी टाकते. चांगला माणूस असेल तर "बरं झालं, एक काम वाचलं" म्हणेल. "मग आम्हाला साइट करता येणार नाही" असं म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

आता नाव. इथे जरा वेळ घालवा, कारण बाकी सगळं पुढे बदलता येतं, हे बदलायचं म्हणजे बरण्यांवरची लेबलं बदलायची.

एक गंमत करून बघा. मनात आलेलं नाव मुंबईच्या पाच ओळखीच्यांना फोनवर सांगा. एकदाच, स्पेलिंग न सांगता. त्यांनी काय टाइप केलं त्याचा स्क्रीनशॉट मागवा. मग कळेल आपल्या भाषेची आणि रोमन अक्षरांची सोयरीक किती अवघड आहे. 'आमसूल' घ्या. सुरुवातीला ए एक की दोन? 'सू'ला यू की दोन ओ? झाली चार स्पेलिंगं. त्याला 'वाडी' जोडा: व्ही की डब्ल्यू, आठ झाली. शेवटी आय की दोन ई, सोळा. तुमचं गिऱ्हाईक सोळांतलं एक टाइप करणार आणि तुम्ही घेतलेलं असणार दुसरंच. 'आगळ' तर विसराच, ळ ला रोमनमध्ये घरच नाही. एल लिहिला की आगळाचं आगल होतं. कोकमाला कुणी ए लावतो, कुणी इंग्रजी रिवाजाने यू. आणि ज्या 'कोकण'ची तुम्हाला एवढी ओढ आहे, त्यात आपण म्हणतो तेव्हा एन एक, रेल्वेच्या इंग्रजी पाटीवर एन दोन!

स्पेलिंगचं सोडलं तरी 'कोकण' मी घेतलं नसतं. कोकणमेवा, कोकणचव, कोकणस्वाद, कोकणदर्शन अशी नावं ऐकून ऐकून माणसाला कुणाचं काय ते आठवत नाही. गिऱ्हाईक 'ते कोकणचं काहीतरी' म्हणून शोधतं आणि चौथ्याच दुकानात जातं. हापूसचं कारण वेगळं आहे. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. ते वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. तुमची आंबापोळी हापूसची असली तरी धंद्याच्या नावातच तो शब्द घालून उद्याची कटकट का ओढवून घ्यायची? त्यातून तुमचा मुख्य माल आमसूल.

माझं मत विचाराल तर नाव तुमच्या पत्रातच आहे. लोक 'माईंचं आमसूल' म्हणूनच मागतात ना? माईला नेहमीची स्पेलिंगं दोनच, ए एक किंवा ए दोन. त्याला घर, अंगण असा एखादा साधा शब्द जोडा आणि मोकळं आहे का ते रजिस्ट्रारच्या शोधपट्टीत बघा. मला स्वतःला 'माईघर' आवडलं, पण ते मोकळं असेलच असं नाही, आणि नाव मी नाही, तुम्ही ठेवायचं. 'माईंचं' मात्र नको, तो अनुस्वार फोनवर ऐकूच येत नाही. डॅशही टाळा. "मध्ये डॅश आहे" असं सांगितलं की निम्मे लोक खाली पडलेली रेघ टाकतात आणि ती रेघ डोमेनमध्ये चालतच नाही. आकड्यांचंही तसंच, २ लिहायचा की 'दोन' हे फोनवर कोण सांगत बसणार! अक्षरं मोठी-लहान कशीही टाइप केली तरी फरक पडत नाही, तेवढी एक काळजी कमी.

नाव पक्कं करण्याआधी सरकारच्या ट्रेडमार्क शोधात ते घालून बघा, फुकट आहे. डोमेन मिळालं म्हणजे नावावर हक्क मिळाला असं होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात डोमेननावालाही व्यापारचिन्हासारखं संरक्षण आहे असं म्हटलं. म्हणजे आधीपासून त्या नावाने धंदा करणारा कुणी असेल तर तुमच्याकडची नोंदणी तुम्हाला वाचवेलच असं नाही. हेच उलटही खरं: माईंच्या नावाने तुम्ही इतकी वर्षं माल विकताय, त्याची बिलं, जुनी लेबलं, ऑर्डरचे मेसेज जपून ठेवा.

डॉट कॉम की डॉट इन? दोन्ही मिळत असतील तर दोन्ही घ्या, दोन्हींचं मिळून वर्षाला दोन-अडीच हजारांच्या वर जायचं कारण नाही. एकच घ्यायचं तर मी डॉट कॉम घेईन. डॉट इनमध्ये कमीपणा काहीच नाही, पण लोकांच्या बोटांना सवय कॉमची आहे. आणि डॉट कॉम आधीच दुसऱ्या कुणाकडे असेल, त्यातून तोही खाण्याचेच पदार्थ विकत असेल, तर त्याच नावाचं डॉट इन घेऊ नका, नावच बदला. नाहीतर लेबल तुमचं आणि ऑर्डर त्याची. देवनागरीत डॉट भारतही २०१४ पासून मिळतं. पत्त्याच्या जागी 'माई' असं मराठीत लिहिलेलं बघून मलाही भरून येतं, खोटं कशाला बोलू. पण काही ठिकाणी तो पत्ता पेस्ट केला की एक्सएन आणि दोन डॅशांनी सुरू होणारी अगम्य अक्षरं दिसतात, आणि गिऱ्हाइकाला वाटतं काहीतरी फसवणूक आहे. हौसेला घ्या, पण दुसरं म्हणून.

पुतण्याचे ९९ रुपये खरे आहेत, पण पहिल्या वर्षापुरते. पैसे भरण्याआधी दुसऱ्या वर्षाचा दर बघा, तो बारीक अक्षरांत असतो आणि साधारण हजाराच्या आसपास किंवा वर जातो, जीएसटी वेगळा. खरेदीच्या टोपलीत रजिस्ट्रारने आपणहून मेल, होस्टिंग, सुरक्षा असं काय काय टाकलेलं असतं, ते सगळं काढून टाका. साइटला लागणारं कुलूप, म्हणजे एसएसएल, हल्ली बहुतेक होस्टिंगवाले फुकटच देतात. शिल्लक राहिलेल्या पैशांत एक वर्षाऐवजी तीन वर्षांची नोंदणी करा.

आणि तारीख बघून करा. एप्रिलमध्ये नोंदणी केलीत तर मुदत दर वेळी एप्रिलमध्ये संपणार, म्हणजे नेमकी हंगामात, जेव्हा तुमचे हात कोकमाच्या रसाने लाल असतात आणि फोन जाऊबाईंच्या कमरेला. नोंदणी श्रावण-भाद्रपदात होऊ द्या. कामं उरकलेली असतात, चाकरमानी घरी असतात, काही अडलंच तर दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायला वेळ असतो. गणपतीत रेंज नसते हे मान्य, तेवढ्यासाठी वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जा.

कार्डातून आपोआप पैसे कापले जातील या भरवशावर राहू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे त्याबाबतचे नियम कडक झाले, त्यात परदेशी कंपन्यांची वजावट पुष्कळदा अडकते आणि आपल्याला वाटतं भरले गेले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिनाभर आधीच्या तारखेला गोल करा. तरीही चुकलंच, तर डॉट कॉमचं असं असतं: मुदत संपली की साइट बंद पडते, पण काही आठवडे, जास्तीत जास्त ४५ दिवस, ते नेहमीच्या दराने पुन्हा घेता येतं. किती दिवस ते रजिस्ट्रार ठरवतो. त्यानंतर ३० दिवस सुटकेचे, पण तेव्हा दंड कित्येक हजारांत जातो. मग ५ दिवस कुणालाच हात लावता येत नाही, आणि सहाव्या दिवशी नाव बाजारात. पाहुण्यांची वर्दळ चालू असलेली अशी नावं टिपायला यंत्रं लावून बसलेले लोक असतात. जुगारवाले आमच्याकडे आले ते असे.

नोंदणी झाली की दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतील, "मॅम, वेबसाइट बनवायची का?" डॉट इनमध्ये नाव-नंबर लपवायची वेगळी सेवा घेता येत नाही, डॉट कॉममध्ये बहुतेक रजिस्ट्रार फुकट लपवतात, ती खूण चालू आहे ना बघा. शिवाय काही महिन्यांनी एक गंभीर मेल येईल: चीनमधली एक कंपनी तुमचं नाव नोंदवायला आली आहे, हरकत असेल तर ताबडतोब कळवा. ही फसवणुकीची मेल जगभर कितीतरी लोकांना येते. पुसून टाका. मुदत संपत आल्याची मेल आली तर तिच्यातल्या लिंकवर न जाता स्वतः रजिस्ट्रारची साइट उघडून खात्यात तारीख बघा.

राहता राहिलं तुमच्या यजमानांचं म्हणणं. फेसबुक पेज असताना डोमेन कशाला, हा प्रश्न रास्त आहे, आणि अर्धं उत्तर त्यांच्या बाजूने आहे: तुम्हाला आत्ता १५ हजारांची वेबसाइट नकोच आहे. दीडशे किलो आमसूल व्हॉट्सॲपवर व्यवस्थित जातंय. पण डोमेन आत्ताच हवं. जवळजवळ सगळे रजिस्ट्रार फॉरवर्डिंगची सोय देतात, म्हणजे कुणी तुमचं नाव टाइप केलं की ते सरळ तुमच्या व्हॉट्सॲप कॅटलॉगवर किंवा त्या फेसबुक पेजवर जाईल. उद्या पेज हॅक झालं, नंबर बदलला, वेबसाइट केलीत, तरी बाण दुसरीकडे वळवायचा आणि लेबलावरचं नाव तेच राहतं. एक वर्ष असं चालवा. किती लोक त्या नावाने येतात ते बघा, मग चिपळूणला फोन करा.

लेबलं छापायला टाकायची घाई नको. मेल तपासणीची लिंक दाबून झाली, स्वतःच्या फोनवरून आणि मुंबईतल्या कुणाच्या तरी फोनवरून नाव टाइप केल्यावर तुमचा कॅटलॉग उघडला, की मग छपाईवाल्याकडे जा. वर 'माई' देवनागरीत ठसठशीत, खाली डोमेन रोमनमध्ये, सगळी अक्षरं लहान लिपीतली. पाचशेच छापा पहिल्यांदा. आणि आगळाच्या बाटलीला कागदी लेबल लावू नका, तेलकट-खारट हात लागून शाई आठवड्यात पसरते. त्याला प्लॅस्टिकचं स्टिकर घ्या.